वर राहिलेला तिसरा

शाहूपुरी, कोल्हापूर
८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्तीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून कागद घेऊन बसले. तुझ्या दिरांचा, बाळासोंचा, फोन आला होता. पडकी विहीर बुजवायला जेसीबी आणला, तर तू काठावर बसलीस आणि मलाबी घालून बुजवा म्हणालीस म्हणे. तुझ्या हट्टापुढं हात टेकले बाई. मामा गाळ काढायला उतरले, आवाज येईना म्हणून मागोमाग तुझा जोती उतरला आणि विषारी हवेनं बापलेक दोघंही गेले, त्याला वीस वर्षं झाली. आता माझ्याकडं राहायला ये.

शाळेत माझं नववीला अमेरिका शिकवणं चाललंय. आयझेनहॉवरच्या काळात रशियानं उपग्रह सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली, केनेडीनं चंद्राचा शब्द दिला, जॉन्सननं काम रेटलं, आणि माणूस उतरला तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत निक्सन. दोघं चंद्रावर उतरले, तिसरा वरच यानात फिरत राहिला. दोघं वर येऊ शकले नाहीत तर म्हणून निक्सनसाठी शोकाचं भाषण आधीच लिहून ठेवलं होतं, हेही वर्गात सांगितलं. मेहक नावाची चुणचुणीत पोर उठली आणि मग त्या तिसऱ्यानं काय करायचं होतं, असं विचारलं. बघून सांगते म्हणाले.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी संयोगिता


बिद्री
१३ फेब्रुवारी

चि. संयोगितास,
अनेक आशीर्वाद.

बाळासोनं तिखटमीठ लावून सांगितलंय. मी बसले न्हवते, उभी हुते. हितं कारखान्याचा हंगाम जोरात हाय, सगळीकडं मळीचा वास. सांजचं च्या पिऊन विहिरीवर गेलते, तवा तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. फोनवरचं मला ऐकू येत न्हाय, पर खालचं येतं. कुणाला खोटं वाटंल तर वाटू दे. जोती हसला. तुझ्या मामांनी परत एकदा वाचाय लावलं.

ती पोरगी गुणाची हाय. मलाबी तेच कळाय पायजे. त्या तिसऱ्याला काय सांगून ठेवलं हुतं, थांब म्हणून का जा म्हणून? त्या दिशी काठावर दोर माझ्या हातात हुता आणि मला कुणी कायच सांगितलं न्हाय, म्हणून मी अजून हितंच हाय. म्हैन्याच्या शेवटाला जेसीबी परत येणार. खरं काय ते लगोलग लिव.

पोरांस्नी पापा.
तानाबाई


शाहूपुरी
१७ फेब्रुवारी

ती. आत्तीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले, आणि खरं सांगते, घाबरलेही. ह्यांना दाखवलं तर ते तुला डॉक्टरकडं नेऊया म्हणाले. मी म्हटलं, आधी तिनं विचारलंय त्याचं उत्तर देते.

पुस्तकं धुंडाळली. खालचे दोघं वर येऊ शकले नसते तर तिसऱ्यानं एकट्यानं परत यायचं होतं. खाली जाऊन त्यांना आणणं त्याच्या हातात नव्हतंच. खालच्या दोघांशी शेवटी बोलणं बंद करायचं आणि धर्मगुरूनं प्रार्थना म्हणायची, असंही लिहून ठेवलं होतं. वर्गात हे सांगितलं. मेहक म्हणाली की तो एकटा आला असता तरी त्याची चूक नसती. आत्ती, तुझीही नाही. तू तिथं एकटीच उभी आहेस आणि मला झोप लागत नाही. निघून ये. खालची खोली झाडून ठेवलीय.

वाट बघायला लावू नकोस.
तुझी संयोगिता


बिद्री
२२ फेब्रुवारी

चि. संयोगितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र विहिरीवर वाचलं. बोलणं बंद करायचं हे ऐकून तुझं मामा लई तापलं. आपल्याच माणसांशी बोलणं तोडणारा कसला अध्यक्ष म्हणायचा ह्यो, म्हणालं. मग मी सांगितलं, की मला एकटीला जायाला सांगितलंय, भाची वाट बघतीया. तवा जोती म्हणाला की त्या तिसऱ्याकडं दोर न्हवता, आपल्याकडं हाय की.

सकाळी दोर खाली विहिरीत सोडला. वर वढताना जड लागला. हाताची सालटी निघाली, पर मी सोडला न्हाय. नंतर बाळासोला सांगितलं, आता खुशाल बुजव, खाली कुणी न्हाय. त्यो माझ्या मागं बघत ऱ्हायला आणि तसाच माघारी गेला.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं येते. मेहकला माझा आशीर्वाद सांग.

सुखी ऱ्हावा.
तानाबाई

ता. क. मी घरात आले तरी दार लगीच लावू नगंस.