मोबाईलची माती

१ जुलै
शाळेत पालकसभा. पहिलीच्या शिंदे बाईंनी विचारलं, मोबाईल दाखवल्याशिवाय न जेवणारं लेकरू कुणाकुणाचं आहे? सगळ्या एकमेकींची तोंडं बघत बसल्या. शेवटी हात वर केला मीच. आमची आरू वरणानं माखलेल्या बोटानं स्क्रीन सरकवते, काय लपवायचं.
बाईंचा बेत असा की सगळ्या घरांनी एकाच दिवशी सांगायचं, मोबाईल मेला. "बिघडला म्हणलं की लेकरं दुरुस्तीला न्या म्हणतेत. मेला म्हणलं की विषयच संपला." तोंडाला पदर लावून हसलो सगळ्या. मला तर फारच पटलं.

३ जुलै
घरात एकच विरोधक, आबा. मोबाईल त्यांचाच ना. सासरा आणि नात एका चादरीत डोकं घालून कार्टून बघतात. म्हणाले, "बिघडला म्हन. मेला म्हनू नको लेकराला." मी म्हटलं, पोरीला तर तुम्हीच बिघडवलंय. उठून गोठ्यात निघून गेले. बरं वाटलं.

५ जुलै
झाली माती एकदाची. शाळेमागं लिंबाखाली खड्डा. पांढऱ्या फडक्यात बांधलेला खोका, आत विटेचे तुकडे. पोरांना सांगितलं, सगळ्यांचे मोबाईल यातच आहेत. एकेकानं मूठमूठ माती टाकली. एका पोट्ट्यानं चार्जर आणला होता, वर गेल्यावर लागंल म्हणून. आरू उचक्या देऊन रडली. मागं आम्ही आया हसून हसून बेजार.
खरा मोबाईल ज्वारीच्या कोठीत, दाण्यात खोल.
आरूनं मुकाट्यानं अख्खी भाकर खाल्ली. जिंकले.

१४ जुलै
जेवते, लवकर झोपते. बाई म्हणतात सगळ्या घरांत असंच. पण आता कार्टी आबांच्या मागं लागलीय. म्हाताऱ्याचा डोळा लागला की पापणी उचलून बघते, आत आहेत का म्हणून. आज निंदायला बाया आल्या नाहीत, आधीच डोकं फिरलेलं. खेकसले मी तिच्यावर, "आबाचा बी लय नाद लागलाय तुला. सोड त्यान्ला." आबा म्हणाले, असू दे. काय असू दे?

२२ जुलै
घात. आबांनी लेकीला फोन लावायला कोठीतून मोबाईल काढला आणि आरूनं बघितलं. काचेवरचा तडा ओळखला तिनं. रडली नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी सांगून टाकलं, शहाण्यासारखी वागलीस म्हणून परत आला, नाद केलास तर पुन्हा मरंल. तिनं हातसुद्धा लावला नाही त्याला.
आबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हातारं फुगलंय. फुगू दे.

२ ऑगस्ट
आबा गेले. परवा, गोठ्यात, बसल्या जागी. दोन दिवस हे लिहवत नव्हतं.
ह्यांनी आरूला जवळ घेऊन सांगितलं, आबा वारले. "वारले म्हंजी मेले?" हो म्हणाले. तर हसली. सगळ्या भावकीसमोर हसली. पाठीत धपाटा घातला मी. तरी रडेना.

५ ऑगस्ट
हे अस्थी घेऊन गंगाखेडला गेले. इकडं आरू सापडेना. शेवटी कोठीपाशी सापडली. स्टुलावर चढलेली, झाकण खाली, हात खांद्यापर्यंत ज्वारीत. उचलून आणली. काय शोधत होतीस, विचारायची हिंमत झाली नाही.
संध्याकाळी शिंदे बाई भेटायला आल्या. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाल्या, लेकरं विसरतात हो. मग चहा पिता पिता सांगितलं, आता अंगणवाडीतल्या पोरांच्या आयापण मोबाईलची माती करा म्हणून मागं लागल्यात. कप हातातून काढून घ्यावा वाटला.

९ ऑगस्ट
दहावा. पिंडाला कावळा शिवेना. लोक कुजबुजले, म्हाताऱ्याच्या मनात काहीतरी राहिलंय. हे हात जोडून म्हणाले, आरूला शिकवीन, बैल विकणार नाही. तरी शिवेना. मला ठाऊक होतं काय राहिलंय ते. चारचौघांत बोलले नाही.
घरी येऊन आरूला वाढलं. ताट चाटूनपुसून माझ्यापुढं धरलं तिनं.
"बघ मम्मी, समदं खाल्लं. मोबाईल बी मागितला न्हाई."
मग कानाशी आली.
"आता आबाचा नाद न्हाई करनार मी. त्यान्ला काढ की."
मी तिच्या ताटात आणखी चतकोर भाकर वाढली. तीही खाल्ली तिनं.