इम्प्रुडंट कोण

अण्णा,

१. मंगळवारी सकाळी आमच्या टीममधल्या नव्या मुलीने चालू सिस्टिममधली एक सेटिंग बदलली.
२. दुपारपर्यंत ग्राहकांची कामं अडून राहिली.
३. अहवाल मी लिहायचा आहे. साहेब म्हणाले, "तिचा निर्णय इम्प्रुडंट होता, एवढं एक वाक्य घाल. बाकी एचआर बघेल."
४. ते वाक्य गेलं तर तिची नोकरी जाईल.

हा शब्द तुम्ही शिकवलात. शिवाजीनगरच्या दुकानात तुम्ही शिलाई मशीन उघडून बसलेले, हात तेलाने काळे, म्हणून डिक्शनरीची पानं मी उलटायची. रोज एक शब्द, त्याचा अर्थ आणि स्वतःचं एक वाक्य. मी सातवीत असेन. "इम्प्रुडंट, म्हणजे पुढचा विचार न करणारा," असं वाचते आणि लगेच वाक्य करते, "माय फादर इज इम्प्रुडंट." आदल्याच आठवड्यात मोटर चालू ठेवून पट्टा बसवताना तुमचं बोट सापडलं होतं. मशीन न्यायला आलेले टेलर हसत सुटतात. "अण्णा, लेकीनं बरोबर माप घेतलं तुमचं!" तुम्हीही हसता. मग पट्टी बांधलेलं बोट बघत म्हणता, "सरी, वाक्य बरोबर आहे. मोटर चालू आहे हे मला ठाऊक होतं. पण बाळ, दुसऱ्याला हा शब्द लावताना स्वल्प थांब. त्याला धोका कुणी सांगितला होता का, ते आधी विचार. सांगितलाच नसेल, तर हा शब्द त्याचा नाही." तुम्ही उगाच लांबण लावताय, असं मला वाटलं होतं.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. ती सेटिंग धोक्याची आहे हे मला मार्चपासून ठाऊक होतं. तेव्हा ती माझ्याच हातून बदलली गेली होती, आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी मी पूर्ववत केली. टीमच्या सूचनांत मी ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर माझी चूक दिसली असती, आणि माझी बढती ठरायची होती. ती मिळाली. काल ती मुलगी जिन्यात थांबवून म्हणाली, "अक्का, मला कसं कळणार होतं?" मी म्हटलं, "बघू या." एवढंच.

वाक्य दोन्ही तऱ्हेने लिहून ठेवलं आहे, एकात ती, एकात मी. तुम्ही कुठलं पाठवायला सांगाल ते मला ठाऊक आहे. हे पत्र कुठे टाकायचं, ते मात्र ठाऊक नाही. तरी कृपया गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर कळवा.