दर लाख लोकांमागे

३ मार्च
मुलाचे तिकडचे कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपते. तिथेच राहायचे की परत यायचे, हे त्याने आणि सूनबाईने ठरवायचे आहे. मी मध्ये पडणार नाही. पक्के.
त्यांना सोपे जावे म्हणून फक्त एक तक्ता करून देणार आहे. दोन्ही देशांतले खून, दरोडे, मारामाऱ्या. आकडे बोलतील. मी गप्प.

५ मार्च, सकाळी
आकडे सापडले. आपल्याकडचे खून त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त. चहा गार झाला.

५ मार्च, दुपारी
चूक माझीच. असे सरसकट मोजायचे नसते. दर लाख लोकांमागे किती, ते पाहायचे. आपण मुळात माणसेच जास्त. भागाकार केला. आता आपण यादीत खाली, म्हणजे इभ्रतीत वर. दोन घास जास्त गेले.

८ मार्च
तक्ता पट्टीने आखला. मथळ्याखाली लाल रेघ. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, रिकामी ओळ म्हणजे आळशी मुलगी. तळाशी एक ओळ उरत होती, म्हणून जगाच्या पार टोकाचा एक थंड देश घातला. तिथे कोणी कोणाला मारत नाही. खिशातून हात काढवत नसतील. पान भरले. सिस्टर असत्या तर पाठ थोपटली असती. फोटो काढून पाठवला.

९ मार्च
मुलाचा फोन. आई, आपल्याकडे लोक तक्रारच करत नाहीत, म्हणून आकडा कमी दिसतो, म्हणाला. म्हटले, करत नाहीत कारण समाधानी आहेत. म्हणाला, ज्याच्या डोक्यात दगड बसला तोसुद्धा? म्हटले, दगड लहान असेल. हसला. वडील हसायचे तसाच हसतो, आधी नाकातून.
सूनबाईने तक्ता फ्रिजवर लावला आहे म्हणे. पोरगी गुणाची.

१६ मार्च
मागच्या खोलीला रंग काढला. फिकट पिवळा. घर स्वच्छ असावे, इतकेच. नातीच्या मापाचा एक पलंगही आणला. पुस्तके ठेवायला होईल.

२ एप्रिल
संध्याकाळी दूध घेऊन येताना मोटारसायकलवरच्या दोघांनी गळ्यातली साखळी ओढून नेली. यांनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घातलेली. हुक यांना तीनदा लावावा लागला, आणि मी हसले होते. गुडघा फुटला. मानेवर ओरखडा. दुधाची पिशवी फुटली नाही. घरी येऊन दूध तापवले.

३ एप्रिल
खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई मागे लागली, पोलिसांत चला. सांगितले, तक्ता पाठवून झालाय, आता आपला आकडा कशाला वाढवू? म्हणाली, अहो काकू, एका साखळीने देशाचा आकडा हलतो होय? म्हटले, नाही हलत. मग चला की, म्हणाली.
तिच्याकडे उंच कॉलरचा ड्रेस शिवायला टाकला. मुलाला सांगायचे नाही अशी तंबीही दिली.

१२ एप्रिल
व्हिडिओ कॉल. मुलगा म्हणाला, इतक्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणे? म्हटले, फॅशन आहे. नात म्हणाली, आजी टीचर दिसते.
मान आता दुखत नाही. कशाचेच फारसे काही वाटत नाही, हे या वयाला बरे. साखळीच्या जागी हात जातो, तेवढेच. ती सवय मोडायची. उद्यापासून.

२० मे
मुलाचा फोन. आई, तुझे बरोबर होते, म्हणाला. मी खुर्चीत बसून घेतले. म्हणाला, रोज फ्रिज उघडताना तो तक्ता बघून हिची झोप उडाली, इथे पोरीला वाढवायचे नाही म्हणते. म्हटले, खोली तयार आहे.
मग म्हणाला, आई, तुझ्या तक्त्याची शेवटची ओळ. तिथे नोकरी मिळाली. विमान दोनदा बदलावे लागते. दर वर्षी येणे जमेलच असे नाही.
म्हटले, गरम कपडे भरपूर घ्या.

२३ मे
पोलीस चौकीत गेले. आता आकडा वाढला तरी चालेल. एक तरुण पोलीस होता. इतक्या दिवसांनी होय आजी, म्हणाला. ओढून नेली असे लिहू नका, तुम्हालाच हेलपाटे पडतील. हरवली असे लिहा, लगेच शिक्का मारून देतो.
खुर्ची दिली, पेन दिले. हरवली, असे लिहिले. अक्षर सुंदर आहे हो तुमचे, म्हणाला.
खाली एक ओळ रिकामी राहत होती. तशीच ठेवली.