खळ्यावरचे बूट

रविवार, दिवेलागणीची वेळ

आडवाटेची गोल्फ मैदानं शोधत फिरणारे पुण्याचे एक साहेब आज आमच्या सड्यावरच्या मैदानात आले. त्यांची बॅग मीच वाहिली. शेवटच्या झेंड्यापाशी थबकून म्हणाले, "डोंगरावर इतकी सपाट जागा? बनवणारा कलाकार आहे!"

कलाकार कसला! ते आमचं भाताचं खळं. आईने वर्षानुवर्षं चोपून, सारवून सपाट केलेलं. मीच हट्टाने विकायला लावलेलं. तिथे चपला घालून कुणी पाऊल टाकत नसे. सवयीने मी बूट काढायला वाकलो, तर मॅनेजर खेकसला. तसाच बुटांनिशी खळ्यावर गेलो. का गेलो?

घरी आईने विचारलं, "खळ्यार जाताना व्हाणा काढलंस मां रे?"

"काढलंय गे."

तिने समाधानाने मान हलवली, आणि उद्यासाठी तेच बूट पुसून ठेवले.