ग्रीकमधला समेट

२ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं गुडघ्यांचं रडगाणं पोचलं. माझं छान चाललंय. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणं सुटल्यापासून सकाळ मोकळी असते. चहाबरोबर नव्या करारातलं एक वचन मूळ ग्रीकमध्ये वाचतो, शब्द फोडतो, प्रार्थना करतो आणि मगच दाढी. तुम्हा लोकांचं भाषांतरावर भागतं. शिळ्या पावावर खूश असणाऱ्यांना काय सांगायचं!

सध्याचं वचन आहे दान घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाचं. दान तिथंच ठेव, आधी भावाकडे जाऊन समेट कर. त्यातला 'समेट कर' हा शब्द, 'दिअल्लागेथि', अख्ख्या नव्या करारात एकदाच येतो! आठवडाभर त्याच्यावरच रेंगाळलोय.

मधल्याचं काही कळवू नकोस. माझे हात थरथरतात म्हणून मला ऑर्गनवरून उठवायला ज्या सख्ख्या भावाने कमिटीत स्वतःचा हात वर केला, त्याच्या बातम्या मला नकोत.

माया आहे तेवढीच राहू दे. जास्त झाली की तू उपदेश करतेस.

तुझा
धाकटा

६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (घ्यायची लायकी आहे का ते तू बघ.)

एकदाच आलाय तो शब्द? शहाण्याला एकदा सांगितलं की पुरे, असं देवाला वाटलं असेल. त्याला तुझी कल्पना नव्हती. भावाकडे जा असं वाचायचं, त्याचं व्याकरण सोडवायचं आणि दाढीला बसायचं! पालथ्या घड्यावर पाणी, पण ग्रीक पाणी हो! मी जन्मभर वॉर्डात नर्स होते. बाटलीवरची चिठ्ठी रोज भक्तिभावाने वाचणारा आणि औषध न घेणारा रोगी कधी पाहिला नव्हता. तो घरातच निघाला.

आणि तुझे हात थरथरत होतेच. चर्चमधली गाणारी मंडळी गीताच्या एका ओळीवर, तू भलतीकडेच.

आता ऐक. मधल्याच्या घशात गाठ निघाली आहे. गुरुवारी, चौदा तारखेला ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार. तुला कळवू नका असं त्याने बजावलंय, म्हणूनच कळवते. मला जिना उतरवत नाही. तू मात्र इस्पितळापासून दोन बसथांब्यांवर राहतोस. भांडायचं असलं तरी बुधवारपर्यंत भांडून घे. पुढे एकट्यालाच भांडावं लागेल.

आशीर्वाद राखून ठेवते.

अक्का

९ मार्च

ती. अक्कास,
सा. न.

ऐकून वाईट वाटलं. पण त्यालाच मी नको आहे, तर आगंतुकासारखा का जाऊ? रोज प्रार्थनेत त्याचं नाव घेतो. हे वचन पुरं झालं की बघू.

धाकटा

११ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद नाही. वचन पुरं करायला तो भाऊच लागतो, गाढवा.

अक्का

१५ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

बुधवारी इस्पितळात गेलो. मला पाहून वहिनी उठली आणि खुर्ची देऊन बाहेर गेली. मधला फार वाळलाय. आवाज फाटक्या पत्र्यासारखा. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, एवढे दिवस काय ग्रीसमधून चालत येत होतास? म्हणजे माझ्या ग्रीकची चहाडी तुझी.

मी खुर्चीत बसलो आणि त्याला तो शब्द समजावायला लागलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ग्रीकही तू ऑर्गनसारखंच वाजवतोस, मंडळी कुठे आहे याचा पत्ताच नाही. माझं डोकं फिरलं. विचारलं, हात का वर केलास? म्हणाला, मागच्या बाकांवर लोक तुला हसायचे. मला बघवेना. मग घरी येऊन का नाही सांगितलंस? यावर त्याने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. शेवटी म्हणाला, भ्यालो.

अक्का, आपला मधला म्हणाला हे.

मग मात्र आम्ही यथेच्छ भांडलो. लहानपणीच्या सायकलपासून सगळं उकरलं. शेवटी तुझ्याच जातकुळीतल्या एका नर्सने मला हाकललं. समेटाचं नाव कुणीच काढलं नाही. दारापाशी पोचलो तर त्याने हाक मारली आणि म्हणाला, मूर्खा, उद्या ये.

वहिनी म्हणते, त्यानंतर ऑपरेशनला नेईपर्यंत तो कुणाशीच बोलला नाही.

मी काल गेलो. आताही निघालोय.

रागव, पण पत्र पाठवत जा.

धाकटा