बोनेट गरम होतं

४ नोव्हेंबर

लिही सूनबाई, मी चिडलेय. आधी एवढंच लिही, तारीख मग घाल.

मुलाने गाडी घेतली. काळी, उंच, फाटकातून आत येताना दोन्ही बाजूंनी अंग चोरते. श्रीमंतांची गाडी म्हणे, बारा वर्षांची. श्रीमंतांनी ती का सोडली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला आत बसवलं. सीट पाठ चेपून देते, बूडही गरम करते. मी म्हटलं, बरी चालते ना पण?

जुन्या गाड्यांच्या दलालाच्या आवारात मी बोनेटवर हात ठेवला होता. गरम! 'सकाळपासून जागची हलली नाही हो आजी,' दलाल म्हणाला, 'उन्हाने तापली असेल.' ऊन कुठलं? पत्र्याच्या शेडखाली उभी होती. मी मुलाला कोपराने ढोसलं. 'आई, ही पिठाची गिरणी नव्हे,' तो म्हणाला. दलाल हसला. त्याचं हसणं मी विसरणार नाही. मुलाचं तर मुळीच नाही.

५ नोव्हेंबर

सकाळी गाडी सुरू केली. डब्यात खिळे घालून हलवावा तसा आवाज. माझे तीन श्वास झाले तोवर वाजत होता, मग एकदम गप्प. पाहुण्यांसमोर शहाण्या झालेल्या पोरासारखी.

मुलगा म्हणाला, 'थंडी वाजते तिला.' मी म्हटलं, शाल दे.

९ नोव्हेंबर

रोज सकाळी तोच आवाज. आज पाच श्वास.

सूनबाई, हसू नकोस, लिही. एकोणतीस वर्षं गिरणी चालवली मी. हे म्हणजे तुझे सासरे वजन करायचे आणि गिऱ्हाइकांशी गप्पा छाटायचे. इंजिन माझ्याकडे. काठीचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला. आत कुठे काय सैल झालंय ते कळायचं. आणि माझ्याच घरात मला सांगतात, नव्या गाड्यांचं वेगळं असतं, आई! बारा वर्षांची नवी.

पुढे माझे गुडघे गेले, गिरणी बंद केली, इंजिन विकलं. घेणारी बाई खुशीत घेऊन गेली.

सूनबाई विचारते, मग? मग काही नाही. पुढे लिही.

१४ नोव्हेंबर

तेल पिते. इंजिनातलं तेल, घटाघटा. पंधरा दिवस झाले नाहीत तर मुलगा दुसरा डबा ओततोय. मागून निळा धूर, शेजारीण वाळत घातलेले कपडे गोळा करून आत पळते. मी गाडीचं नाव ठेवलंय थोरली सून. बसून खाते आणि सकाळी उठवलं की खडखड करते. धाकटी सून हे लिहिताना पेन चावतेय.

१७ नोव्हेंबर

समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा. माझ्या हुशार मुलाने काय केलं? त्यावर काळी चिकटपट्टी लावली. पदवी आहे त्याच्याकडे. भिंतीवर टांगलीय, काचेत.

२१ नोव्हेंबर

काल अखेर फिटरकडे नेली. मीही गेले, हट्टाने. फिटर म्हणाला, 'आत्ता काही कळायचं नाही. रात्रभर इथेच ठेवा, सकाळी गार असताना ऐकू.' तेव्हाच मला माणूस पटला. म्हणून आज सकाळी परत गेलो. त्याने लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला. मी मुलाकडे पाहिलं. मुलाने छताकडे.

फिटर म्हणाला, 'आत एक साखळी असते, इंजिनाचे वरचे-खालचे भाग तालात ठेवते. तिला ताण देणारा भाग गेलाय. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं तेल उतरतं, साखळी सैल पडते आणि आपटते. तापली की गप्प. या जातीच्या जुन्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं. तुम्ही घेताना गार इंजिन ऐकलं नव्हतं का?'

'गरम होती,' मुलगा म्हणाला.

'मग तापवून ठेवली असणार. विकणारे करतात तसं.'

मी विचारलं, साखळी सुटली तर?

'चालत्या रस्त्यात इंजिन बंद, आजी. आतलं सगळं एकमेकांवर आदळतं. मग भंगार.'

येताना मी एक शब्द बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती, तेच त्याला जास्त झोंबलं.

२३ नोव्हेंबर

दलाल फोन उचलत नाही. मुलगा स्वतः गेला तर म्हणे, 'ऐकून, बघून, फिरवून घेतलीत ना?' पोर दोन दिवस धड जेवलं नाही. माझं पोर! मी दलालाला जे जे म्हटलं त्यातल्या तीन शिव्या सूनबाई लिहायला तयार नाही. म्हटलं, जागा सोड. कधीतरी लिहिणारी मिळेल.

(इथे तीन ओळी कोऱ्या.)

२८ नोव्हेंबर

आजचा राग निराळा. दलालावरचा नाही.

मुलगा गाडी विकतोय. एक नर्स फोनवर होती. बापाचे गुडघे वाकत नाहीत, त्याला दवाखान्यात न्यायला उंच गाडी हवी. मुलगा म्हणत होता, 'एक नंबर गाडी आहे ताई, घरातल्यासारखी वापरलीय.' परवा दहाला येणार. फोन ठेवला आणि सूनबाईला म्हणाला, 'मी नऊला एक चक्कर मारून आणतो. गरम असलेली बरी.'

मी तिथेच होते. मटार सोलत होते. माझ्या कानाला काही झालेलं नाही.

म्हटलं, काय म्हणालास?

'आई, तू यात पडू नकोस.'

तुला फसवलं तेव्हा घास उतरत नव्हता तुला.

'म्हणूनच. मी एकट्यानेच का भोगायचं?'

तिच्या बापाला गाडीतून पटकन उतरताही येणार नाही रे.

'मग तिने फिटर आणावा सोबत. मी कुठे नाही म्हणतो?'

दलालाचंच बोलणं, दलालाच्याच सुरात. महिन्याभरात शिकला. मी मटाराचं भांडं असं आपटलं की अर्धे ओट्याखाली गेले. वेचायला तोच वाकला. मी वेचू दिले.

२९ नोव्हेंबर

दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. मीठ हवं होतं, तेही सूनबाईकडे मागितलं.

३० नोव्हेंबर

गाडीच्या दोन्ही किल्ल्या माझ्या चष्म्याच्या डबीत होत्या. मला वाचता येत नाही, चष्मा नुसता पडून असतो, म्हणून ती डबी कुणी उघडत नाही. नऊपासून त्याने घर उलथंपालथं केलं. नर्स आली, बाप काठी टेकत मागे. तेव्हा मी डबी उघडली आणि तिच्यासमोर किल्ली त्याच्या हातावर ठेवली. बोनेट गार होतं. गाडी सात श्वास खडखडली. नर्सने विचारलं, 'हे काय?' मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग खाली. म्हणाला, 'साखळी. काम मोठं आहे. घेऊ नका.'

ते गेल्यावर त्याने विचारलं, 'तुला पहिल्याच दिवशी कसं कळलं? नुसता हात ठेवून?'

त्याला सांगितलं, तेच इथे लिही. गिरणीचं इंजिन घ्यायला ती बाई आली, तिचा नवरा नुकताच गेला होता. त्या सकाळी लवकर उठून इंजिन मी तापवलं होतं. तीन महिन्यांनी ती आमच्या दारात आली, तेव्हा आतून कडी लावून बसले.

सूनबाईचं पेन थांबलंय. लिही गं. इथे जागा सोडायची नाही.