दुसऱ्या पंगतीत बसवल्याबद्दल

मी, रावजी महिपती बिराजदार, वय ५६, धंदा संस्कृत शिक्षक, मूळ गाव वळसंग, हल्ली मुक्काम सोलापूर, शुद्धीवर राहून व कोणाच्या धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पत्नी विजयमाला विचारते, "शुद्धीवर कधीपासून?" तिची हरकत नोंदवली आहे.

१. राहते घर व घरातले सर्व काही तिचे.

२. शब्दकोश शाळेस द्यावेत. 'अपमान' या शब्दाचे पान हाताळून सुटले आहे, ते चिकटवून घ्यावे.

३. वळसंगच्या जमिनीतला माझा हिस्सा पुतणी मीना हिला. तिच्या लग्नातून मी न जेवता निघून आलो होतो.

४. त्याची हकीकत अशी. १९६८ साली त्या लग्नात मीनाचा बाप, माझा धाकटा भाऊ कुंडलिक मला म्हणाला, "दादा, तुमी उठा. पाव्हणं बसू द्या की." न्यायशास्त्रात अनुमान सिद्ध करायला पाच अवयव लागतात, अपमान सिद्ध करायला मला एक पत्रावळ पुरली. थेट एसटी गाठली. पुढे आठ वर्षे रोज दाढी करताना या प्रसंगाची उजळणी केली व दर खेपेस कुंडलिकचा आवाज थोडा चढवला.

गेल्या महिन्यात विजयमाला भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, पहिल्या पंगतीला पाहुणे बसतात, घरचे मागून. तुम्हांला घरचं धरलं, एवढाच भावजींचा गुन्हा."

अपमान जागच्या जागी संपला. दाढी करताना आता काय करावे, हा प्रश्न पडला. दुसऱ्याच दिवशी तिथे अपराध येऊन बसला: कुंडलिक आठ वर्षे माझ्यावर संतापून आहे, त्याला अन्न गोड लागत नाही. हीही उजळणी मी मन लावून करतो. खोड जुनीच, विषय तेवढा नवा.

५. वकील म्हणाले, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नका, पुढे तंटा नको. कुंडलिकला साक्षीदार करायचे आहे, म्हणून त्याला मुद्दाम काहीच ठेवलेले नाही. सहीसाठी तरी त्याला माझ्या दारात यावे लागेल. नुसते 'ये' असे पत्र चार वेळा लिहून फाडले. तो न आल्यास हा कागद अपुरा राहील. मी तर आहेच.

स्थळ: सोलापूर. दि. १४ नोव्हेंबर १९७६
लिहून ठेवणार: रावजी महिपती बिराजदार

साक्षीदार:
१. सिद्राम कोंडीबा माने, शेजारी
२. कुंडलिक महिपती बिराजदार

(साक्षीदार क्र. २ यांनी सहीखाली स्वहस्ते लिहिले ते:) कलम चार वाचलं. दादा, मला राग आलाच न्हवता. लग्नात लई गर्दी हुती, मला वाटलं तुमी जेवून गेला. पुढं शाळेत गुतलाय म्हणून येत न्हाई, असं समजत हुतो.

मी उपाशी गेलो हे आठ वर्षे कोणाच्या ध्यानातही येऊ नये, याचा अर्थ

वरील ओळ माझी मीच खोडली, खाडाखोड बरोबर. रा. म. बि.